बंब आला, कूलर उघडा

आमच्या अग्निशमन केंद्राच्या हद्दीत आग लागत नाही, ही बाब मुख्यालयाच्या निदर्शनास आली आणि तिची गंभीर दखल घेण्यात आली.

आता तुम्ही म्हणाल, आग लागत नाही यात गंभीर काय? मीही हेच म्हणालो होतो. पण मी पडलो बंबाचा ड्रायव्हर. नाव मारोतराव. ड्रायव्हरनं समोर पाहावं, वर पाहू नये, असा आमच्या खात्यात संकेत आहे. वर बसलेल्यांचं म्हणणं असं, की जिथे आगी जास्त तिथे केंद्राची गरज जास्त, आणि जिथे आगीच नाहीत तिथे केंद्र हवं कशाला? म्हणजे घरात उंदीर दिसत नाहीत, तेव्हा मांजर हाकला.

आमचं केंद्र नागपुरात, नंदनवनच्या पलीकडे, चिंचमाळ ले-आउटमध्ये आहे. इथे आग लागत नसे याला जबाबदार आमचे स्टेशन ऑफिसर गोपाळराव. या माणसानं वर्षानुवर्षं दारोदार फिरून लोकांच्या गॅसच्या नळ्या तपासल्या, लोंबणाऱ्या वायरी बांधायला लावल्या, शाळेत जाऊन पोरांना तळहातावर मेणबत्तीचे चटके कसे लागतात ते समजावलं. परिणाम व्हायचा तोच झाला. आढावा बैठकीत ज्या केंद्राच्या हद्दीत दर आठवड्याला एखादं गोदाम पेटतं, त्या केंद्राच्या प्रमुखाला शाल आणि नारळ मिळाला, आणि गोपाळरावांना सांगण्यात आलं की उन्हाळा संपताच चिंचमाळ केंद्र बंद होईल. इमारतीत ज्येष्ठ नागरिकांसाठी विरंगुळा केंद्र काढायचं ठरलं होतं. कॅरम बोर्ड आलेसुद्धा.

या बातमीनं सर्वांत जास्त कोण हादरलं असेल तर चंद्रभान. केंद्राच्या फाटकासमोर, रस्त्याच्या पलीकडे त्याचं कूलरच्या ताट्यांचं दुकान. नागपूरचा मे महिना ज्यानं काढला त्याला ताटी म्हणजे काय हे सांगायला नको, पण पुण्या-मुंबईच्या वाचकांवर दया करून सांगतो. कूलर म्हणजे पंखा बसवलेली पत्र्याची मोठी पेटी. ती खिडकीबाहेर ठेवतात. तिच्या तीन बाजूंना वाळलेल्या गवताच्या नाहीतर लाकडाच्या किसाच्या जाड चटया असतात, त्या ताट्या. ताट्यांवर पाणी झिरपत राहतं आणि बाहेरची हवा त्यांच्यातून गार होऊन घरात येते. चंद्रभानच्या दुकानात या वाळक्या मालाचे ढीग छताला टेकलेले. एक ठिणगी पडली की वर्षभराची कमाई राख. म्हणून तर बाजारातली चांगली जागा सोडून त्यानं बंबाच्या तोंडासमोर दुकान थाटलं होतं.

"साहेब, तुमी गेले तं माह्या डोयाले डोया लागणार नाही जी," तो गोपाळरावांना म्हणाला.

गोपाळरावांनी हात वर केले. आग लावणं त्यांच्या अधिकारात येत नव्हतं.

चंद्रभान मात्र धंदेवाला माणूस. तो दुसऱ्याच दिवशी तोड घेऊन आला. त्याचं म्हणणं असं, की आग लागत नसेल तर बंबानं लोकांच्या दुसऱ्या कामी पडावं. लोकांना एकदा बंबाची सवय लागली की मग त्याला हलवायची कोणाची छाती होते ते पाहू. आणि उन्हाळ्यात चिंचमाळची अडचण एकच होती. नळ सकाळी येतो, तोही करंगळीएवढा, आणि कूलर तर दुपारपासून म्हशीसारखा पाणी पितो.

"तुमच्या टाकीत पानी पडून आहे. लोकाईचे कूलर भरून द्या," चंद्रभान म्हणाला. "पाहा मंग कोन तुमाले हलवते."

गोपाळराव नियमाचे माणूस. बंबातलं पाणी आगीसाठीच वापरावं असा नियम आहे. दोन दिवस ते नीट जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांना नियमातच वाट सापडली, आणि काय वाट हो! कूलरमधलं पाणी संपलं की त्याचा आतला पंप कोरडा फिरतो. कोरडा फिरला की तापतो. तापला की जळतो. सबब, रिकामा कूलर ही मुळात एक आगच आहे, फक्त ती अजून लागलेली नाही. लागलेली आग कोणीही विझवेल. न लागलेली आग विझवायला दूरदृष्टी लागते. त्यांनी या कामाला नाव दिलं 'पूर्वावस्थेतील अग्निशमन', आणि मला गाडी काढायला सांगितलं.

पहिला कूलर भरला शालिकराम वैरागडेंचा. हे कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले इंजिनिअर आणि चिंचमाळ नागरिक समितीचे अध्यक्ष. आम्ही घंटा वाजवत गेलो, पाइप सोडला, कूलर काठोकाठ भरला. शालिकरामजींनी पाण्यात बोट बुडवून पाहिलं आणि पाणी जरा कोमट असल्याचं सांगितलं. आमच्याकडे आभार असेच मानतात.

त्या महिन्याचा अहवाल गेला आणि मुख्यालयात खळबळ उडाली. जिथे वर्षभरात एक आग नव्हती, त्या चिंचमाळमध्ये शेकडो आगी पूर्वावस्थेतच विझवल्या गेल्या होत्या. जीवितहानी नाही. वित्तहानी नाही. इतक्या आगी आणि धूरसुद्धा नाही, असं राज्यात कुठे घडलं नव्हतं. केंद्र बंद करण्याचा निर्णय स्थगित झाला, गोपाळरावांना शाल मिळाली, आणि विरंगुळा केंद्राचे कॅरम बोर्ड आमच्याच वरच्या खोलीत राहिले. चंद्रभाननं आनंदानं सगळ्या केंद्राला तर्री-पोहे खाऊ घातले. तर्री अशी झणझणीत होती की खऱ्या आगीत न रडलेले आम्ही तिथे रडलो.

इथपर्यंत सगळं छान होतं. पण सेवा म्हटली की ती वाढते. आधी आम्ही तळमजल्यावरचे कूलर भरत होतो. मग वरच्या मजल्यावरच्यांनी विचारलं, आम्ही काय टॅक्स भरत नाही? तेव्हा शिडी उघडली. जी शिडी लोकांना जळत्या इमारतीतून खाली आणायला आहे, तिच्यावरून आम्ही पाणी वर नेऊ लागलो. एकदा पाण्याचा जोर जास्त झाला आणि एका घरच्या तिन्ही ताट्या फाटून बाईंच्या टीव्हीवर जाऊन चिकटल्या. तेव्हापासून समितीनं ठराव केला की जवानांनी पाणी प्रेमानं सोडावं. दुपारच्या घंटेनं लोकांची झोपमोड होते म्हणून ती बंद करायला लावली. चार दिवसांनी परत सुरू करायला लावली, कारण बंब कधी येऊन जातो ते कळतच नव्हतं. शेवटी चिंचमाळच्या लेकरांनाही ठाऊक झालं, घंटा वाजली म्हणजे बंब आला, कूलर उघडा.

आमच्यात एक कामिनी होती. उमरेडची पोरगी, नव्या भरतीतली, पाइप खांद्यावर घेऊन जिना चढण्यात आम्हा सगळ्यांच्या पुढे. तिची फोनवर ड्युटी असे. एक दिवस चहा पिता पिता तिनं विचारलं, "साहेब, अन् खरीच आग लागली तं?"

लग्नघरात कोणी घटस्फोटाची गोष्ट काढावी तसे आम्ही सगळे तिच्याकडे पाहू लागलो. पण गोपाळराव न्यायी माणूस. त्यांनी टाकीतल्या पाण्याची पातळी दाखवणाऱ्या पट्टीवर लाल रंगाची रेघ मारून घेतली. या रेघेखालचं पाणी फक्त आगीसाठी. कूलर कितीही ओरडो, रेघ ओलांडायची नाही. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आठवड्याभरात समितीचं शिष्टमंडळ आलं. शेवटच्या गल्लीतल्यांचा नंबर येईपर्यंत पाणी रेघेला लागतं, हा त्यांच्यावर अन्याय होता. शालिकरामजींनी इंजिनिअरच्या पद्धतीनं विषय मांडला. चिंचमाळमध्ये गेल्या कित्येक वर्षांत आगीसाठी सरासरी किती पाणी लागलं? शून्य. मग शून्य पाण्यासाठी अर्धी टाकी अडवून ठेवणं कोणत्या शास्त्रात बसतं? गोपाळराव रंगाचा डबा घेऊन टाकीपाशी गेले. रेघ पुसली नाही, तसं करणं चुकीचं झालं असतं. ती फक्त खाली सरकवली. मग दुसऱ्या गल्लीचं शिष्टमंडळ आलं, मग तिसऱ्या. नऊ जळत्या दिवसांचा नवतपा लागला तेव्हा रेघ टाकीच्या बुडाशी गेली होती, आणि आम्ही तिचं अगदी काटेकोर पालन करत होतो.

फोनचंही तेच झालं. दिवसभर फोन खणखणत राही आणि कूलरवाल्यांना लाइन मिळेना. म्हणून फोनवर रेकॉर्ड केलेला आवाज बसवला. कूलरसाठी एक दाबा. हौदासाठी दोन दाबा. अंगणात सडा मारण्यासाठी तीन दाबा. इतर कोणत्याही कारणासाठी कृपया प्रतीक्षा करा. आग 'इतर'मध्ये होती. समितीनं मागणी केली असती तर तिलाही स्वतंत्र आकडा मिळाला असता, पण मागणीच नव्हती.

आता नवतपा काय असतो ते ज्यानं नागपुरात सोसला त्यालाच माहीत. मे महिन्याच्या अखेरचे ते दिवस. डांबर चपलेला चिकटतं, कावळे नळाखाली चोच उघडून बसतात, आणि रस्त्यावर दिसलेल्या माणसाला लोक विचारतात, घरी भांडण झालं का? अशा एका दुपारी चिंचमाळमधले झाडून सगळे कूलर एकदम चालू होते. आमच्या कृपेनं काठोकाठ भरलेले. एवढा भार तारांना कुठून सोसणार? चंद्रभानच्या दुकानावरून जाणारी तार तडतडली, ठिणग्या उडाल्या, आणि पडायला त्यांना सगळं चिंचमाळ मोकळं असताना त्या पडल्या नेमक्या वाळक्या ताट्यांवर.

चंद्रभाननं आधी फोन लावला. बिचाऱ्याला वाटलं, रीतसर कळवावं. पलीकडून एक दाबा, दोन दाबा ऐकत आणि प्रतीक्षा करत असताना समोर त्याचा माल पेटत होता. मग फोन फेकून तो रस्ता ओलांडून केंद्रात धावत आला. कामिनी भिंतीवरच्या वाळूच्या बादल्या घेऊन तशीच धावली. गोपाळरावांनी मला बोलावणं धाडलं. मी होतो पार शेवटच्या गल्लीत, शिडीवर, एका आजींच्या कूलरमध्ये प्रेमानं पाणी सोडत. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असं म्हणतात ना, ते ज्यानं पहिल्यांदा म्हटलं त्याची नोकरी आमच्याच खात्यात झाली असणार.

मी गाडी पिटाळली. घंटा वाजवली. आणि तिथेच घोटाळा झाला. घंटा ऐकताच दोन्ही बाजूंची दारं फटाफट उघडली. माणसं पाइप घेऊन, बादल्या घेऊन, लहान पोरं घमेली घेऊन रस्त्यावर. मी ओरडून सांगतो आहे, बाजूला व्हा, आग लागली आहे, आग! एक काका गाडीच्या खिडकीतून आत डोकं घालून म्हणाले, "अरे बावा, लागू दे ना. आमचा नंबर तं कालपासून राहिला आहे."

कसाबसा पोचलो. दुकानाचा पुढचा भाग धडधडत होता. जवानांनी पाइप जोडला, कामिनीनं तोंड धरलं, मी पंप सुरू केला. पाइपानं दोन उचक्या दिल्या, कामिनीच्या बुटांवर तांब्याभर पाणी सांडलं आणि संपलं. चंद्रभान पाइपाच्या तोंडाकडे पाहत राहिला. त्याचा तो चेहरा पाहून मला माझ्या नोकरीची, पगाराची, युनिफॉर्मची, सगळ्याची लाज वाटली.

नंदनवनहून दुसरा बंब निघाला होता, पण तो येईपर्यंत काय उरलं असतं? गोपाळरावांनी भोंगा हातात घेतला आणि गल्लीगल्लीत विनंती केली की नागरिकांनी आपापल्या कूलरमधलं पाणी बादल्यांनी द्यावं. नागरिक खिडकीतून ऐकत होते. काहींनी व्हिडिओ काढले. कोणी हललं नाही. गोपाळराव शालिकरामजींच्या दारात जाऊन उभे राहिले, तर ते शांतपणे म्हणाले, "गोपाळराव, दिलेलं पाणी वापस मागायची कोणत्या नियमात सोय आहे? दाखवा, देतो." आणि त्यांनी दार लावून घेतलं, कारण गार हवा बाहेर जात होती.

गोपाळरावांमागून आलेल्या चंद्रभाननं हातातली रिकामी बादली त्या बंद दाराशी ठेवली. "ज्याईले गार हवा देली, त्याईच्याच घरून पानी नाही भेटून राहिलं जी," एवढंच तो म्हणाला.

पण कूलर ही मोठी इमानदार वस्तू आहे. बाहेर जे असेल ते आत ओढून घ्यायचं, एवढंच त्याला येतं. ताट्यांचा दाट, पिवळा, डोळ्यांत जाणारा धूर गल्लीत भरला आणि चिंचमाळच्या एकूण एक कूलरनं तो मनापासून ओढून घरात सोडायला सुरुवात केली. तोही गार करून. जो धूर वाऱ्यावर उडून गेला असता, तो सोफ्यावर, देवघरात, दुपारच्या झोपेत जाऊन बसला. मग काय विचारता! आतून खोकल्याचे आवाज यायला लागले. मग किंकाळ्या. मग दारं उघडली आणि सगळं चिंचमाळ लुंगी-बनियनवर, गाऊनवर, डोळे पुसत रस्त्यावर आलं. प्रत्येकजण एकच ओरडत होता, की आमच्या घराला आग लागली, बंब कुठे आहे? शालिकरामजींनी तर मोबाइलवरून केंद्राला फोन लावला होता. त्यांना प्रतीक्षा करायला सांगण्यात आलं.

"आग तिकडं आहे, काका," कामिनी त्यांना म्हणाली, "ते विझली तं हे विझल. पानी तुमच्या कूलरात आहे."

शास्त्रीय मनाच्या माणसाला एवढा खुलासा पुरतो. पहिली बादली शालिकरामजींनीच आणली. मग रांगच लागली. बादल्या, घमेली, तपेली, प्रेशर कुकर, लग्नात मिळालेल्या स्टीलच्या टाक्या. ज्या शिडीवरून आम्ही पाणी वर नेलं होतं, तिच्यावरूनच ते खाली आलं. नंदनवनचा बंब येईपर्यंत आग आटोक्यात आली होती. चंद्रभानचा निम्मा माल जळाला, निम्मा वाचला. त्याच्या भुवया मात्र गेल्या. तो भिजलेल्या ढिगावर बसून हसत होता का रडत होता हे भुवयांवाचून नीट कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या दुकानासमोर ही गर्दी! मला वाटलं, लोक विचारपूस करायला आले. तर नाही. सगळ्यांच्या ताट्यांना धुराचा वास लागला होता आणि नवीन ताट्या हव्या होत्या. वाचलेला निम्मा माल दुपारपर्यंत संपला. चंद्रभान खूश झाला आणि त्या भरात समितीच्या सभेत जाऊन त्यानं हात जोडून विनंती केली, की टाकीवरची लाल रेघ परत वर घ्यावी. सभा गहिवरली. ठराव एकमतानं मंजूर झाला. टाळ्या वाजल्या. अंमलबजावणी पहिला दमदार पाऊस पडल्यानंतर करायची असं ठरलं.

तोवर काय? चंद्रभाननं स्वतःच सोय केली. दुकानात एक भला मोठा कूलर आणून ठेवला. तो कधी चालू करत नाही, फक्त पाण्यानं भरून ठेवतो, म्हणजे ठेवायचा आहे. भरायचा आम्हीच. पण त्याचा कूलर नवीन, नोंदणी उशिराची, त्यामुळे नंबर सर्वांत शेवटी लागतो. तिथपर्यंत पोचेस्तोवर टाकी बहुधा कोरडी होते. मुख्यालयानंही त्या आगीची दखल घेतली आहे. निम्मं दुकान पूर्वावस्थेतच विझवल्याबद्दल गोपाळरावांना दुसरी शाल मिळाली. नवतप्यात दोन शाली घेऊन माणसानं करायचं काय, हे त्यांना अजून सुचलेलं नाही.

ही हकीकत मी आजवर पुष्कळांना सांगितली. सगळे पोट धरून हसतात. चिंचमाळच्या लोकांना शिव्या घालतात, काय स्वार्थी लोक आहेत बाप्पा म्हणतात, चंद्रभानसाठी चुकचुकतात. आणि जायला निघाले की दारात चपला घालता घालता आवाज खाली करून विचारतात, हा बंब फक्त चिंचमाळमध्येच येतो, की सांगितलं तर आमच्याकडेही येईल?

तुम्हीही विचारणार आहात, मला माहीत आहे. विचारा, लाजू नका. आमचा फोन दिवसभर चालू असतो. फक्त आग लागली आहे असं सांगू नका, त्याला वेळ लागतो.